राजवाड्यावरून गेलेलं चाक

कुडचड्यात कायतानच्या दुकानासमोर
मी पडदा उलगडला.
टायर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक
काखेत राजवाडा घेऊन येतं,
हे त्याने चाळीस वर्षांत पाहिलं नसेल.
तरी हसला नाही.
कपाळावरचा चष्मा खाली ओढला, गुडघे टेकले,
आणि खांब, कमानी, झुंबरं सगळी सोडून
थेट त्या लाल ठशाला बोट लावलं.

गेल्या पौषातली गोष्ट.
जत्रेचं नाटक वर डोंगरात, वेर्ल्याला.
पिकअपमध्ये सामान नेहमीचंच :
एक जंगल, एक रस्ता, एक दरबार,
सोनेरी हातांचं सिंहासन,
पेटी, तबला, जनरेटर
आणि वर पाय दुमडून नऊ नट.
थंडी म्हणजे आमची थंडी,
एका मफलरात दोघांचे कान.
पण दंव पडतं, हे पणजीवाल्यांना पटत नाही.
रात्री दहानंतर चढणीचं डांबर
घामेजल्या तळव्यासारखं होतं,
आणि डांबर संपलं की जांभ्याचे सुपारीएवढे खडे,
खड्यांवर सागाची पानं.
ओली.

चाकं फिरत होती, गाडी जागची हलत नव्हती.
गोणपाट घातलं. दगड घातले.
सोमाने स्वतःची शाल घातली, तीही मागे उडाली.
मग खुशाली, आमचा राजा, खाली उतरून म्हणाला,
"दरबार काढा."
कुणी काही बोललं नाही.
आम्ही रस्त्यावर राजवाडा अंथरला.
(रंगवलेला रस्ताही होता गाडीत,
तो कुणालाच सुचला नाही.)

नाटक तीनला सुरू झालं.
लोक घोंगड्या पांघरून बसले होते, खाजं खात.

"मदींच झिजला," कायतान ठसा वाचत म्हणाला,
"तूं हवा चड मारता."
रिकामी गाडी आणि नऊ माणसांची गाडी,
दोघींच्या पोटात मी एकच हवा भरत आलो होतो.

त्याने रिमोल्ड दाखवले, आणि स्वतःच पायाने सरकवले.
खाणी चालू होत्या तेव्हा दिवसाला साठ करायचो, म्हणाला,
आता हात विसरले.
मग भिंतीवरून एक काढला, मोठ्या गुट्ट्यांचा,
आठ प्लाय, कडेवर चार आकडे :
कितवा आठवडा, कुठलं साल.
रबराचीसुद्धा जन्मपत्रिका.
मी खाचेत नख घातलं. पूर्ण बुडालं.

"आवाज करेल हा डांबरावर.
परतताना पोरं झोपतात."
"पयलीं रस्तो सांग," तो म्हणाला, "मागीर टायर."

मी रात्री मोजल्या.
कार्तिकापासून शिगम्यापर्यंत एकेचाळीस प्रयोग.
तीस डांबरावर. अकरा लाल चढावर,
जिथे दुसरी कंपनी जात नाही
आणि वर्षात दुसरं नाटक येत नाही.
अकरासाठी एवढे पैसे?
कायतानने उत्तर दिलं नाही. जॅक आणायला गेला.

पुढे साधे बसवले, मागे गुट्टीचे.
पुढची दोन वळवतात, मागची दोन ढकलतात,
संसारासारखं, म्हणाला तो, आणि बायको आत आहे का ते पाहिलं.
निम्मे पैसे आता. निम्मे शिगमो झाल्यावर.

आपा पेंटर ठसा पुसून तिथे पायरी काढणार होता.
खुशालीने काढू दिली नाही.
तिसऱ्या अंकात राज्य जातं, तेव्हा तो तिथेच उभा राहतो,
पाठीशी दोन हात लांब चाकाची वाट,
आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या चुकचुकतात.

आज पुन्हा वेर्ले.
नव्या टायरला अजून लव आहे,
मिसरूड फुटलेल्या पोरासारखी, बारीक रबरी केस.
डांबरावर गुट्ट्या घुमायला लागल्या
तसा मागून सोमा ओरडला, "काळी दोन!"
आणि नऊजण त्या सुरात नांदी म्हणू लागले,
बेसूर, दात वाजवत.

फाटा आला. डांबर संपलं.
मी काच खाली केली, पहिला गिअर टाकला.
मागे सगळे गप्प झाले, पानं ऐकायला.